बोट उचलेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही झालं! काहीच नाही झालं. स्क्रीन मांडला, खुर्ची पुढे ओढली, आप्पांचा डावा हात उचलून समोर धरला. अर्ध्या सोलापुरातल्या दुकानांना बिलाचे प्रोग्रॅम करून देणारी मी — आणि स्वतःच्या बापाला पाणी मागायला एक बटण देता येईना!

सप्टेंबरात पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, "समज किती राहिलीय, सांगता येत नाही." अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, मात्र सगळं सांगता येतं. पुण्यात बसून, फोनवरून. "काही राहिलेलं नाही, भुवना. मान्य कर." तिकडे एक केंद्र आहे म्हणे, अशा पेशंटना ठेवून घेतात. तेवीसला, रविवारी, तो गाडी घेऊन येणार आणि आप्पांना नेणार. मी म्हटलं, त्यांना न विचारता? तर म्हणाला, "विचार की. उत्तर दिलं त्यांनी, तर गाडी रिकामी परत नेतो."

म्हणून हा सगळा खटाटोप. अण्णाला उत्तर दाखवायचंय. पण उत्तर यायला तर पाहिजे.

४ फेब्रुवारी

सात रस्त्याला ऑफिसात गेले तेव्हा शिवानंद सरांना लॅपटॉपवर दाखवलं. आठवडाभर खपून मी स्वतः चितारलेली गोल-गोल बटणं, रंग, कडेला नक्षी. सर चष्मा वर करून बघत राहिले. "टूलकिटात तयार बटण हाय, तयार लेबल हाय. जगानं वापरून वापरून गुळगुळीत केलेलं. ते सोडून तू रांगोळी काढत बसलीस व्हय?"

राग आला. पण खरं होतं. माझी नक्षी बोट लागलं की लुकलुकते, कधी लागलं तरी कळत नाही.

घरी अव्वानं, आईनं, विचारलं, टूलकिट म्हणजे काय गं? म्हटलं, मिसळणाचा डबा. खिडकी, बटण, लेबल, खूण करायचा चौकोन, सरकपट्टी — सगळं वाट्यांत भरून ठेवलेलं. आपण फक्त काढून घालायचं.

"मग घाल की. त्यांना बोलतं कर म्हणजे झालं."

६ फेब्रुवारी

नक्षी पुसली. साधी, तयार बटणं घेतली. सहा. पाणी, भूक, दुखतंय, पंखा, झोप, अव्वा. प्रत्येकावर चित्र. दाबलं की शब्द ऐकू येईल, अव्वाच्या आवाजात. तिला माईकसमोर बसवलं तर पदर सारखा करून बसली!

मग बटणं वाचून चिडली. "घरात कोण पाणी म्हणतंय? नीरु लिही की." बरोबर आहे. आप्पांची शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. बाहेर मराठी, घरात कानडी, असंच आयुष्य गेलं त्यांचं. सगळी बटणं बदलली. पुन्हा अव्वा, पुन्हा माईक, पुन्हा पदर.

आप्पांनी स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ. बोट हळूहळू पुढे गेलं आणि नीरुवर टेकलं!  बटण आत गेल्यासारखं दिसलं. पण आवाज आला नाही. बोट तसंच राहिलं. मी वाट बघितली, अव्वानं वाट बघितली. शेवटी हात अवघडेल म्हणून मीच तो धरून बाजूला ओढला. आवाज नाहीच.

स्वतः दाबून बघितलं. "नीरु!" अव्वाचा आवाज ठणठणीत. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे.

मग चुकतंय कोण?

९ फेब्रुवारी, रविवार

आज डब्यातली एकेक वाटी उपडी केली.

दुखणं किती ते सांगायला सरकपट्टी दिली. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. आप्पांनी बोट मधोमध टेकवलं आणि तिथंच थांबले. सरकवेनात. चौकोनात खूण करायला दिली, तर चौकोन बोटाखाली दिसेनासा झाला. खाली उघडणारी यादी दिली. उघडलीच नाही. हसू आलं मला, मग ओरडले, "आप्पा, दाबा की नीट! एवढं साधं आहे!" अव्वा स्वयंपाकघरातून धावत आली.  नुसतं त्यांचं तोंड पुसलं.

आप्पांचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एकदा धरलं की सोडता येत नाही अशा पेशंटना. माझाही हात धरून ठेवतात. त्यात अर्थ शोधू नका, ताई."

नाही शोधत.

११ फेब्रुवारी

स्क्रीन लावलाच नाही. धूळ पुसली फक्त.

१२ फेब्रुवारी

अव्वाची कंबर धरली. आप्पांना कॉटवरून खुर्चीत घेताना. मी दुकानातून परत येईपर्यंत ती तशीच कॉटचा दांडा धरून उभी! आप्पा अर्धे कॉटवर, अर्धे खाली. मदतीला ठेवलेला माणूस गेला तो गेलाच, दुसरा मिळत नाही.

डॉक्टरांनी पट्टा दिला. रुंद, काळा, पोटाभोवती आवळायचा. म्हणाले, "चन्नम्मा, इथून पुढं वजन उचलायचं नाही. मणका जायचा." वजन म्हणजे आप्पा! घरात दुसरं वजन आहेच काय?

घरी येऊन मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं, आप्पांच्या उशाशीच. आता त्यांच्यासमोर सगळंच बोलतो आम्ही, कपाटासमोर बोलावं तसं. मी उचलीन म्हटलं तर अव्वा म्हणाली, "तुझं अजून सगळं व्हायचंय. कंबर सांभाळ." आणि पट्ट्यावरनं साडी ओढून पुन्हा उचलायला वाकली. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो विसरता येत नाही.

आप्पा तिच्या कमरेकडे बघत होते. की भिंतीकडे? मला आता त्यांची नजरही वाचता येत नाही.

१४ फेब्रुवारी

सगळं काढून टाकलं. दोनच बटणं ठेवली. अर्धा स्क्रीन हिरवा — हौदु. अर्धा तांबडा — ब्याड. हो आणि नको. याहून सोपं जगात काही नाही.

"आप्पा, चहा पाहिजे?"

बोट हौदुवर. दाबलं. दाबून ठेवलं. आवाज नाही. मी थांबले, थांबले, मग हात ओढून घेतला. "आप्पा, चहा नको?" पुन्हा हौदुवर बोट! पुन्हा गप्प.

रडले. त्यांच्यासमोरच, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. कुणी केसांवरून हात फिरवला नाही. पूर्वी माझा परीक्षेचा निकाल वाईट लागला की आप्पा बाजारातून कलिंगड आणायचे आणि निकालाचं नावही काढायचे नाहीत. ते आप्पा कुठे गेले? हे कोण बसलंय खुर्चीत?

१६ फेब्रुवारी, रविवार

अण्णाला फोन केला. म्हटलं, ये. पुढच्या रविवारी ये आणि घेऊन जा. मी हरले.

तो म्हणाला, "हरायचं काय त्यात?" मी फोन ठेवला. त्याला काय कळणार! अव्वा आप्पांची धोतरं घड्या करून पिशवीत भरते, पुन्हा काढते, पुन्हा भरते.

अन्न गोड लागत नाही. माणूस जिवंत असताना त्याची पिशवी भरायची. देवा, असले दिवस दाखवू नयेस कुणाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवेढ्याहून हिंदुरावकाका आले. एसटीनं, हुरड्याची पिशवी घेऊन. आप्पा जनावरांच्या बाजारात दलाल होते आणि हिंदुरावकाका त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर दोन वर्षांनी बैल बदलणारा माणूस!

आप्पांना बघून काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग एकदम खांद्यावरचा टॉवेल काढला, आप्पांच्या डाव्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. बाजारात सौदा असाच व्हायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा. काका रडत-हसत म्हणाले, "बोला आप्पा, खिल्लारी जोडी हाय. काय देता?"

टॉवेल हलला. काका दचकले. "आरं! दाबलं की यांनी! बोटं मोजून दाबली!" अव्वा कॉटच्या कडेला बसलीच.

मग काका हात काढून घ्यायला लागले तर निघेना. मी म्हटलं, काका, सोडत नाहीत ते, आजार आहे तसा. काकांनी माझ्याकडे असं बघितलं! "आजार कशाचा, पोरी? तुझ्या बापाची रीतच ती. समोरचा ठरलं म्हनेपतुर हात सोडला न्हाय कधी. दोन-दोन तास धरून बसायचा मानूस." आणि आप्पांकडे वळून म्हणाले, "ठरलं, आप्पा. जोडी तुमची."

टॉवेलाखालचा हात सैल पडला.

काका गेले. मी हुरडा हातात घेऊन तशीच उभी होते.

१९ फेब्रुवारी

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

तयार बटण कसं चालतं, हे मी झोपेतही सांगीन. बोट टेकलं, ही एक घटना. बोट उचललं, ही दुसरी. आणि बटणावरच टेकून बटणावरच उचललं, तरच ते दाबलं असं धरायचं. बोट घसरून बाहेर गेलं तर काहीच घडलं नाही असं समजायचं. माणसाचा विचार बदलला तर त्याला माघार घेता यावी, म्हणून केलेली सोय! मीच तर ऑफिसात नव्या पोरींना हे शिकवते.

आणि माझा बाप माघार घेणाऱ्यांतला नाही. तो बोट टेकवून आमच्या उत्तराची वाट बघत बसायचा. 'ठरलं' ऐकायची. आणि मी काय केलं? दरवेळी तो हात धरून बटणावरून बाहेर ओढला. दरवेळी मीच त्यांचं बोलणं पुसलं.

एक ओळ बदलली. बोट टेकताक्षणी बोल, उचलायची वाट बघू नको. सहाही बटणं परत लावली.

आप्पांचं बोट नीरुवर टेकलं. "नीरु!" — अव्वाचा आवाज. मी म्हटलं, "ठरलं, आप्पा." आणि बोट उठलं! आपणहून! अव्वा पाणी आणायला पळाली, कंबर विसरून. निम्मं सांडलं.

२१ फेब्रुवारी

हो-नकोची दोन बटणं लावून काय काय विचारलं! पंखा? हौदु. भात? ब्याड. हिंदुरावकाका लबाड आहेत? हौदु!! अव्वा पदर तोंडाला लावून हसली. किती महिन्यांनी हसली. प्रत्येक उत्तराला मी 'ठरलं' म्हणते आणि मगच बोट उठतं. मुद्दाम म्हटलं नाही एकदा, तर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. डोळे तेच — भाव पाडून मागणाऱ्याकडे बघायचे तसे.

अण्णाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं.  मग नाक ओढल्याचा आवाज आला. "ठीक आहे. रविवारी येतो. पुण्याचं त्यांनाच विचारू, सगळ्यांसमोर. ते म्हणतील ते."

ये की! रिकामी गाडी घेऊन जायची तयारी ठेव. पिशवी मीच उपसली आज. धोतरं परत कपाटात.

अव्वानं आप्पांना एकटीनंच उचललं संध्याकाळी. पट्टा करकरला.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णा आला. दोनच बटणं ठेवली. मीच विचारलं, "आप्पा, पुण्याला जायचं? तिथल्या केंद्रात राहायला?"

आप्पांनी अव्वाच्या कमरेकडे बघितलं, त्या पट्ट्याकडे. मग बोट हिरव्यावर टेकलं. अव्वा शेजारीच उभी होती, आणि तिचाच आवाज स्क्रीनमधून म्हणाला, "हौदु."

चुकून लागलं असेल म्हणून पुन्हा विचारणार होते. पण बोट हललं नाही. दाबून धरलेलं, आणि नजर माझ्यावर.

मी उठून आत आले. हे लिहितेय. दारातून बाहेरचं दिसतंय. आप्पांचं बोट अजून बटणावर आहे. मी अजून 'ठरलं' म्हटलेलं नाही.