हौदातले मासे

प्रिय मंजुश्री,

नांदेडला सगळ्यांना शरणार्थ. या जमान्यात वहिनीचं पत्र पाहून हसशील. पण फोनवर माझा आवाज आला की तुझी आई, माझ्या आत्याबाई, मोबाईल तुझ्या हातात देतात. म्हणून लिहिते आहे. त्यांच्याजवळ बसून हे मोठ्यानं वाच, मधलं काही गाळू नको.

हौदातले मासे मी काढलेले नाहीत आणि काढणारही नाही. मासे आहेत तोवर चाकूरच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही म्हणून तुझी आई तुझ्याकडे येऊन बसली. तुझे दादा दोघींच्या मधी सापडलेत. काही विचारलं की म्हणतात, तुमचं तुम्ही बघा, मला भाकर वाढा.

तुला आठवत असेल, आत्याबाई पूजेचं पाणी हौदातून काढून पांढऱ्या फडक्यानं गाळायच्या. फडक्यावर बारीक अळ्या वळवळायच्या. मग फडकं हौदावर उलटं धरून त्या अळ्या परत पाण्यात सोडायच्या. म्हणायच्या, जीव हाय गं, मारून कुठं पाप घ्यायचं. त्या अळ्यांचेच डास व्हायचे, हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही. मागल्या भादव्यात मला हुडहुडी भरून ताप आला, रक्त तपासल्यावर हिवताप निघाला आणि तिसऱ्या महिन्यातच बाळ गेलं. तेव्हा उशाशी बसून पेज पाजली ती आत्याबाईंनीच. मी ते विसरले नाही. महादेवाच्या मनात नव्हतं, म्हणाल्या. मंजुश्री, मी रोज लिंगपूजा करते, महादेवाला बोल लावणार नाही. हौद आपला होता.

सरकारी दवाखान्याच्या आशाताई, साखराबाई, म्हणाल्या, आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा. रांजण, टिपाडं, कूलर मी करते. ते पाणी बेलाला घालते, थेंब वाया जाऊ देत नाही. पण आठ दिवसांआड येणाऱ्या नळावर भरलेला हौद कोण ओतून देईल? म्हणून त्यांनी अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडले. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, अळीला जीव, माशाला जीव, आन तू एकाला दुसऱ्याच्या तोंडी देऊन राहिलीस? लिंगाला काय मासळीच्या पाण्यानं आंघोळ घालू? मी एवढंच म्हणाले, मग माझा जीव कशात धरता? ते त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले, असं समजू दे.

पूजेचं पाणी आता हौदाचं नाही. नळ आला की तांब्याची घागर वेगळी भरते आणि तोंडाला धुवट धोतराचं फडकं आवळून बांधते. मासा तर दूरच, डासही त्याला शिवत नाही. खिडक्यांना जाळ्या मारल्या. दिवेलागणीच्या आत दारं लावते, त्यावरून शेजारणी म्हणतात, शिवकांता कोंबड्यांबरोबर झोपते. म्हणू देत. जुन्या मच्छरदाणीची भोकं ओढणीचे तुकडे लावून बुजवली. आत्याबाईंच्या बाजेवरही एक बांधून ठेवली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला चौथा महिना चालू आहे. तुझे दादा आणि डॉक्टरीणबाई सोडून कुणाला माहीत नाही. मागल्या वेळी आत्याबाईंना सगळ्यांच्या शेवटी कळलं होतं, म्हणून या वेळी सगळ्यांच्या आधी त्यांना कळावं. माझ्या माहेरी आई नाही. माझी ओटी त्यांनीच भरायची, दुसऱ्या कुणाला मी पदर पसरणार नाही. आणि मासेही राहतील. दोन्ही मला पाहिजे. हे ऐकून त्या गप्प राहिल्या तर राहू दे, समजूत घालू नको. पण उठून लुगडं बदलायला लागल्या, तर त्यांना लातूरच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दे. दादा चाकूरच्या स्टँडवर उभे राहतील.

तुझीच हट्टी वहिनी,
शिवकांता