आमच्या ह्यांची गाडी

प्रिय दादा,

तुझी गाडी पुन्हा चाकांवर उभी आहे, ही बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. टाकी धुतली, प्लग बदलला आणि दोन-चार किकमध्येच ती अशी ओरडली की शेजारीण हातातलं टाकून गॅलरीत आली. अडलं होतं ते टायरांपाशी. तू परदेशी जाताना ती माझ्या हवाली केलीस, तेव्हापासून ती जी भिंतीला टेकून उभी, त्यात रबराला भेगा गेल्या होत्या. नखाने खरवडलं तरी भुगा पडायचा. ट्यूब ओढून काढाव्यात, तर हातात चिंध्या आल्या.

मला वाटलं होतं, दुकानात जायचं, माप सांगायचं, घेऊन यायचं. कसलं काय! पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, हे तू माझ्याकडून घोकूनच घेतलं होतंस. पण आताचे टायर अंगाने रुंद. पहिल्या दुकानातून आणलेला मागचा टायर बसला खरा, पण चाक फिरवलं की कडेचे ठोकळे चेनला घासायचे. गेला परत. दुसऱ्या दुकानदाराने अगदी हव्या त्या मापाचा काढून दिला, वर कागदसुद्धा चिकटलेला. मी चष्मा लावून कडेवरचे आकडे वाचले, तर तो बनून आठ वर्षं झालेली. नवा कोरा म्हातारा! तोही तिथेच सोडला. दादा, खोटं कशाला सांगू, मला फार मजा येत होती. हात काळे होत होते आणि साबणाने धुवूनही काळं नखांत राहायचं, आणि ते पाहून मला बरं वाटायचं. गावाबाहेरच्या दगडखाणीत तू मला गाडी चालवायला शिकवलीस तेव्हा आईपासून हेच हात लपवायचे मी.

तिसरं दुकान बसस्टॉपमागच्या गल्लीतलं. टायरवाला जाणकार निघाला, जुन्या गाड्यांचा वेडा. मी मापं सांगितली तशी त्याने मान वर करून विचारलं, "गाडी कुणाची?" माझ्या हातात भाजीची पिशवी, पाठीला नेहमीसारखा बाक. बाकड्यावर पंक्चर काढायला बसलेल्या दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "आमच्या ह्यांची."

आणि मग सगळं कसं सोपं झालं! तो विचारायचा, "काका कुठे चालवतात, चिखलात की दगडांत?" मी म्हणायचे, "त्यांना कडक जमीन आवडते, खडीची." "वजन किती काकांचं?" मी माझं सांगितलं, वर दोन किलो कमीच करून. "बसून चालवतात की उभं राहून?" "उभं राहून. गुडघ्यांत टाकी घट्ट धरून." तो खूश झाला. "काका पोचलेले दिसतात," म्हणाला, आणि मला मेलीला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटलं. मग आम्ही दोघांनी मिळून कडक जमिनीसाठी आखूड, दाट ठोकळ्यांचे टायर निवडले. ट्यूब जाड घेतल्या, कारण दगडावर आपटल्यावर पातळ ट्यूब रिमखाली चिमटते. आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रबराची पट्टी. एकेक गोष्ट मी निवडली, दादा, आणि एकेकीचं श्रेय ह्यांच्या पदरात टाकून घरी आले.

टायर बसवायच्या आदल्या दिवशी टायरवाल्याचा फोन आला तो नेमका ह्यांनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय, हे म्हणताहेत, "हो हो, माझीच गाडी. येतो ना, नक्की येतो." फोन ठेवला, दारात येऊन उभे राहिले. "काय गं, मी कधीपासून रेस मारायला लागलो?" मी सगळं सांगितलं. हे पोट धरून हसले. ज्या माणसाने जन्मभर चष्म्याच्या काचा पुसल्या आणि सायकलवर बसतानाही चार वेळा मागे पाहिलं, त्याला ही गंमत वाटली. म्हणाले, "त्यात काय, उभंच तर राहायचं आहे."

गाडी टेम्पोतून पुढे पाठवली होती. दुकानात टायरवाल्याने आपले दोन जुने दोस्त मुद्दाम बोलावले होते, काकांना भेटायला. दोघेही एकेकाळचे शर्यतीतले. हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. त्यातल्या एकाने हात मिळवला आणि ह्यांचा मऊ तळवा जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "वाळूत हवा किती ठेवता तुम्ही?" मी ह्यांच्या मागेच उभी होते. हे ऐटीत म्हणाले, "भरपूर! टम्म भरतो." आणि मग जे हसले सगळे! "काका, गाडी दिवाणखान्यातच पळवता वाटतं!" टायरवाल्यानेही तोंड फिरवलं. दुसरा म्हणाला, "बरं, एक किक तरी मारून दाखवा." ह्यांनी मारली. दांडा उलटा फिरला आणि नडगीवर बसला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हे हसतच राहिले. एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी आता काही बोलेन का, एवढंच बघत होते.

तोंड उघडायचं आणि म्हणायचं, गाडी चालवणारी मी आहे, एवढंच होतं. मी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत उभी राहिले.

परतताना बसमध्ये हे खिडकीशी बसले. नडगी चोळत म्हणाले, "वाळूत हवा कमी करायची असते का गं?" मी म्हटलं, "हो." "मग मला आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाले. रात्री पायाला औषध लावू देतात का पाहिलं, तर "राहू दे, विशेष काही नाही" म्हणून कूस बदलली. तेव्हापासून मला त्यांच्या तोंडाकडे धड बघवत नाही. मी पदराआड लपावं तशी ह्यांच्याआड लपले, आणि मार त्यांना बसला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. पुढच्या महिन्यातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला तू येतोयस. टायरवाल्याने त्या दिवसाच्या आधीच तिथे चालक म्हणून ह्यांचं नाव देऊनही टाकलंय आणि हे पुन्हा उभं राहायला तयार आहेत. तू आलास की पहिल्या पाच मिनिटांत गावभर सांगशील की गाडी माझी बहीण चालवते. म्हणून मी बसले होते ती, दादा, या खेपेला येऊ नकोस, असं लिहायला. काहीतरी कारणही शोधून ठेवलं होतं. पण इथपर्यंत लिहिलं आणि ते कारण लिहायची माझी मलाच लाज वाटली. तेव्हा ये. फक्त माझ्या आधी तोंड उघडू नकोस. ह्यांच्या देखत, त्या तिघांच्या समोर, मला स्वतःला सांगायचं आहे. माझी जीभ अडखळेल, तेव्हा तू जवळ असलास म्हणजे झालं.

तुझीच,
बारकी