माझा उजवा हात

ती. आईस,

नमस्कार. मी जामिनावर सुटलेय आणि दोन वेळ नीट जेवतेय. तुझे गुडघे कसे आहेत? दादाला म्हणावं, पेपरातलं आईला वाचून दाखवू नकोस.

कोठडीत मार खाल्लेल्या लोकांच्या तक्रारी मी लिहून देते, ते ठाण्यातल्या साहेबाला खुपतं. म्हणून त्याने माझ्यावरच गुन्हा दाखल केला. तो उभा असताना मी म्हणे उजव्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. साहेब ताडमाड उंच, आणि झाडावरून पडल्यापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तुला मी काय सांगू?

त्यालाही ते माहीत आहे. त्या दिवशी माझा डावा हात कागदांत अडकलेला, उजवा खुंटीपर्यंत पोचेना, तेव्हा त्यानेच हसत माझी पिशवी टांगली. मग खुर्चीत बसून फिर्याद लिहिली. जनाची नाही, मनाची नाही, निदान खोटं तरी नीट रचावं माणसाने.

माझ्या हाताचा डॉक्टरांचा दाखला पोलिसांनी बनावट ठरवला. आता वकीलबाईंना तुझी साक्ष हवी आहे. घाबरू नकोस. लग्नापर्यंत माझी वेणी कोण घालायचं आणि का, एवढंच कोर्टात सांग.

येताना फणी आण. इथे रोज शेजारणीला त्रास द्यावा लागतो.

तुझी मारकुटी लेक