शिंपीणआजींचं दार

अगं, कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बायबलवर हात ठेवायला सांगू नकोस! अकरा वर्षं येशूचं नाव काढताच आपल्याला दारातूनच परत पाठवणाऱ्या शिंपीणआजींनी आज मला आत बोलावलं. त्यांचं मशीन दुरुस्त करता करता मी येशूबद्दल तासभर असा खणखणीत बोललो, की अख्खी गल्ली थांबली. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्यासाठी प्रार्थना करा." त्यांची छाती कफाने भरलीय. दवाखान्यातल्या ड्युटीवरून येताना डॉक्टरांना त्यांच्याकडे घेऊन जा. मी पुढच्या गावी एक मशीन पोचवून येतो.

(खाली, बायकोच्या अक्षरात)

अहो, डॉक्टर तपासून गेले, आजींना उतार पडेल. पण तुमची कवळी कालपासून दुरुस्तीला माझ्या दवाखान्यात पडलीय. कवळीशिवाय खणखणीत कोण बोललं? तोंडात दात नाहीत म्हणून तुम्ही गप्प बसलात, म्हणून आजींनी दार उघडलं!