सावडीत धाडलेला माणूस

मी, चंपतराव भानुदास लेनगुरे, वय चोपन्न, धंदा एका साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार गुडीहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, प्रथम एक तक्रार नोंदवतो. बोथच्या ज्या अर्जनविसाकडून हा कोरा कागद आणला, त्याने त्यावर आधीच चहाचा ग्लास टेकवला होता. उमटलेले वर्तुळ माझ्या इस्टेटीचा एकूण आकडा समजू नये. बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना तशी खात्री नाही. म्हणून कोणाच्याही दबावाखाली नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की:

१. राहते घर मुलगी प्रीती हिला. पश्चिमेकडचे छप्पर गळते, हे जावयांना अद्याप सांगितलेले नाही.

२. संस्कृत पोथ्या शेजारच्या शिक्षिका सपनाबाई यांना. पाठशाळेत बारा वर्षे मी जे घोकले, त्याचा अर्थ त्यांनीच मला दोन उन्हाळ्यांत समजावला.

३. माझी छत्री सहा वर्षांपासून किराणावाले सुधाकरराव यांच्या ताब्यात आहे. ती आता कायदेशीररीत्या त्यांची.

४. वडिलांच्या मळ्यातला माझा अर्धा हिस्सा, विहिरीचे पाणी, विळे, पाट्या आणि फवारणीचा पंप धाकटा भाऊ भिवाजी यास. याचे कारण नोंदवणे भाग आहे.

आम्हा भाजी पिकवणाऱ्यांत सावड होती. आज सगळ्यांनी तुझी वांगी तोडायची, उद्या माझी. नियम एकच: स्वतः यायचे, नाहीतर घरच्या कोणीतरी; रोजाने माणूस धाडायचा नाही. त्या काळात मी अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका स्कॉटिश तत्त्वज्ञाचे अर्थशास्त्र वाचत होतो. जो तो आपले हित पाहो, बाजाराचा अदृश्य हात सर्वांचे भले करतो. कारखान्यात कामे वाटून केली की टाचण्या हजारोंनी निपजतात. मी तीन प्रकरणांतच पंडित झालो. भिवाजीच्या टमाट्याच्या तोडीला मला बातमी लिहायची होती. मी रोजदार धाडला.

संध्याकाळी भिवाजी दारात.

"दादा, काऊन नाही आला तू?"

"काम झालं ना? त्याचा हात माझ्याहून चपळ."

"काम झालं. जेवाले तुयं ताट वाढलं होतं."

मी त्याला टाचण्यांचा दृष्टान्त दिला. तो ऐकून घेऊन गेला.

पुढच्या तोडीला तिघांनी रोजदार धाडले. दोन वर्षांत सावड मोडली. मी त्यावर प्रगतीचा लेख लिहिला. पुढे भिवाजीची बायको आदिलाबादच्या दवाखान्यात पडून होती. मी पगारी बाई पाठवली. शेवटचे पाणी त्या बाईने पाजले.

मागच्या चैत्रात माझी पत्नी प्रयागबाई गेली. तिरडी उचलताना भिवाजीच्या जागी एक अनोळखी इसम उभा.

"भिवाजीभाऊनं धाडलं. त्याहीची मिरचीची तोड हाय. रोज देला हाय त्याहीनं."

त्याने खांदा चांगला दिला. उंचीही जुळली. माझ्याच सिद्धान्तात मला चूक दाखवता येईना.

त्याच तत्त्वज्ञाचे आणखी एक पुस्तक आहे, हे मला नंतर कळले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणे, हा त्यात नीतीचा पाया मानला आहे. जगानेही त्याची अर्धीच शिकवण उचलली. पण जगाला भिवाजी नव्हता, मला होता.

भिवाजीने माझ्या अंत्यविधीला जातीने यावे, अशी अट मी घातली होती. सपनाबाईंनी मसुदा वाचला.

"अट घालून आणलेला माणूसबी रोजदारच ना, दादा?"

अट खोडली आहे. मळा विनाअट त्याचा.

साक्षीदार: १. पांडुरंगराव निकोडे, निवृत्त पोस्टमन. २. हर्षदीप दुर्गे, शिक्षक.

सही: चं. भा. लेनगुरे
मुक्काम गुडीहत्नूर, ता. ९ ऑक्टोबर २०२५

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, म्हणून येथे लिहितो. भिवाजीचा मळा माझ्या ओट्यावरून दिसतो. आत्ता तो एकटाच भेंडी तोडतो आहे. मी अजून जिवंत आहे, पाय चालतात. रोज चप्पल घालतो आणि काढून ठेवतो. मी त्याच्याकडे चालत गेलो आणि त्याने मला नुसते 'बस' सुद्धा म्हटले नाही, तर त्यानंतर माझे कोणी उरत नाही. मला याचीच भीती वाटते.