पात्याच्या मुळाशी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हातून मोठी चूक झाली. आधी लिहून टाकते, मग जपाला बसते. नाहीतर जपात लक्ष लागायचं नाही.

मामंजींचा घडीचा चाकू मी घासला. चकचकीत करून ठेवला!

झालं असं. दुपारी ह्यांच्या चाकूंच्या पेटीतली मखमल उन्हात टाकायला काढली. एकेचाळीस चाकू, सगळे बगळा छाप. त्यातल्या एकालाही आजवर साधा दोरा कापायला लावलेला नाही. शेजारच्या कप्प्यात मामंजींचा. मामंजी सार्वजनिक बागेत माळी होते, वर्षानुवर्षं त्या एका चाकूने कलमं केली. झाडांच्या चिकाने पातं काळंभोर. त्याच्या कडेला तांबूस ठिपका दिसला. म्हटलं गंज धरतोय, तेवढा काढावा. तारेचा चोथा घेतला, चिमूटभर पावडर घेतली. ठिपका गेला, पण तिथं पांढरा डाग पडला. तो बरा दिसेना म्हणून आजूबाजूचं थोडं. मग अजून थोडं. माझा हात एकदा घासायला लागला की थांबत नाही, कढई असो की काही असो. पाऊण तासात पात्यात माझं तोंड दिसायला लागलं.

तेव्हा आठवलं. रविवारी चाकूवाली मंडळी आमच्याकडे जमतात, तेव्हा हे दर वेळी सांगतात — जुन्या पात्याचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. तो घासायचा म्हणजे आजोबांच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवायची.

फिरवली मी इस्त्री.

आणि हे एवढंच असतं तरी निभावलं असतं. पात्याच्या मुळाशी, ते मुठीत शिरतं तिथे, कारखान्याची खूण असते. इतकी वर्षं काळ्याखाली दडलेली. ती आज दिसली. उद्या लिहीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

खूण बेडकाची आहे.

बेडूक छाप! हार्डवेअरच्या दुकानात सुतळीला ओवून टांगलेले असतात ते. माझ्या स्वयंपाकघरात दोन आहेत. हे त्यांना पत्र्याचे तुकडे म्हणतात. भाऊजी — ह्यांचे धाकटे भाऊ, लिफ्टची दुरुस्ती करतात — म्हणतात, वहिनी, तुमचा चाकू बादलीत टाका, पोहत कडेला येईल.

आता ह्या दोघा भावांचं सांगायला हवं. मामंजींच्या पात्यावर काळ्याखाली एक वाकडा फुगवटा तेवढा दिसायचा. हे म्हणायचे, ती बगळ्याची मान. भाऊजी म्हणायचे, तो किल्लीचा दांडा. ह्यांनी त्या मानेपायी एकेचाळीस बगळे जमवले. भाऊजी जन्मात किल्ली छापाशिवाय दुसरा चाकू खिशात घालत नाहीत. एक झिजला की दुसरा, तोही किल्लीच. बाबांनी काय वापरलं, ह्यावरून दोघांची बोलाचाल तुटायची वेळ आली. आता वर्षातून एकदाच भेटतात. मामंजी गेले त्या तारखेला, तेवीस फेब्रुवारीला. चाकू एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. देणाऱ्याने चहा पाजायचा, घेणाऱ्याने तासभर भांडायचं, की झाली भेट.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी म्हटलं होतं, अहो, खूण एकदा उजळून बघा की! तेव्हा दोघे भाऊ एकदम अंगावर आले. एका सुरात बोलताना मी त्यांना तेवढंच ऐकलं.

काल जेवताना ह्यांना सांगितलं. देवापुढे दिवा लावते, नवऱ्याशी खोटं कसं बोलू? पण अर्धंच सांगितलं. घासला, एवढंच. ह्यांचा हात ताटात थांबला.

"मुळापर्यंत घासलास?"

हो म्हटलं.

"पेटीत ठेव. मला बघायचा नाही."

बस्स. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवून आपल्या कामाच्या खोलीत गेले. हे पुस्तकं बांधतात; निवृत्त झाले तरी घरी कामं येतात. मला मात्र बेडकाचं बोलता आलं नाही. एकेचाळीस बगळ्यांच्या मालकाला कोणत्या तोंडाने सांगू? आणि भाऊजींनी तेवीस तारखेला पाहिलं तर हसतील. ते हसले की हे त्यांना दारातून परत पाठवतील. मग वर्षातली एक भेटही गेली.

अठरा दिवस आहेत. पातं पुन्हा काळं करायचं. ठरलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळजींकडे गेले. तेही रविवारच्या मंडळीतले. त्यांना छापाचं काही नाही, चाकू मिटताना आवाज कसा येतो तेवढं बघतात. कानाशी धरून ऐकतात, घड्याळासारखं. मी ह्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याचं निमित्त काढलं आणि जाता जाता विचारलं, हो, ते पात्याला काळेपण येतं कशाने?

म्हणाले, कांदा, बटाटा, सफरचंद, लिंबू. साधं पोलाद असलं पाहिजे, न गंजणारं नको. व्हिनेगरमध्ये बुडवलं तर तासाभरात येतं. पण ते सगळीकडे सारखं, रंग दिल्यासारखं. जाणता माणूस लगेच ओळखतो.

"कामाने येतं ते ढगासारखं असतं, वहिनी. प्रत्येक ढग वेगळा."

मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोणाचं काय घासलंत?"

मी पट्टा घेतला आणि आले.

येताना व्हिनेगरची बाटली मात्र घेतली. घरी आल्यावर फळीवर मागे सारली. नको. रंग फासायचा म्हणजे खोटं. चाकू कामाला लावून जे येईल ते खोटं नाही. मामंजींनी तरी दुसरं काय केलं?

८ फेब्रुवारी, शनिवार

सुरुवात. कांदे सहा, बटाटे आठ, एक सफरचंद. कापल्यावर पातं लगेच धुतलं नाही, तसंच ओलं ठेवलं. संध्याकाळी टोकाशी निळसर झाक. निळसर! मी आनंदाने देवापुढे उदबत्ती जास्तीची लावली.

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळी जमली. आज विषय, मूठ शिंगाची बरी की लाकडाची. मग नेहमीप्रमाणे छाप. हे म्हणाले, बगळा उघडताना बोलतो, किल्ली नुसती कुरकुरते. कोणीतरी म्हणालं, तुमचा बगळा बोलतो खरा, पण काम सांगितलं की गप्प बसतो. सगळे हसले. हेही हसले, पण चहाकडे बघत.

घड्याळजींनी मामंजींचा चाकू बघायला मागितला. मी ट्रे टेबलावर ठेवून पदर सावरला. हे शांतपणे म्हणाले, तेल लावून ठेवलाय, धाकटा येईल तेव्हाच काढू.

तेल लावलेलं नाही. तो माझ्या पदराखाली होता, लिंबाचा रस वाळत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कांदे. कांदे. कांदे. घरात सगळ्यांचे डोळे लाल, म्हणजे माझे आणि ह्यांचे. ह्यांनी एकदाही विचारलं नाही की रोज एवढा कांदा कशाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पातं करडं झालंय, काळं नाही. घाई केली तर बिघडेल, सावकाश केलं तर पुरणार नाही.

म्हणून आज मामंजींच्या बागेत गेले. आताचा माळी तरुण आहे, पण मामंजींचं ऐकून आहे. हिरव्या झाडांची छाटणी चालली होती. मी म्हटलं, ह्या बारीक फांद्या मी छाटू का? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाकूकडे, आणि चटई टाकून दिली. दोन तास बसले. चीक बोटांना लागला, अजून निघत नाही. पात्यावर मात्र डाग धरले — खरे, वेडेवाकडे, ढगासारखे.

उठताना माळी म्हणाला, आजी, चाकू कोणता आहे हो? एकदाही धार लावली नाहीत.

मी म्हटलं, घरचा आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवते, कोणाला सांगायची नाही. हा चाकू चांगला आहे. फार चांगला. मुठीत अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, मामंजींच्या अंगठ्याने. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. आठ दिवस झाले, धार अजून टमाट्याच्या सालीवर घसरत नाही. माझे दोन बेडूक असे नाहीत. त्या काळी बनवत असतील नीट.

मामंजींना छापाचं काही नसणार. दुकानात गेले असतील, हातात बसला तो घेतला असेल. मुलांनी मागाहून त्यात बगळा पाहिला, किल्ली पाहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेत मन लागलं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? सकाळभर हाच प्रश्न. शेवटी ठरवलं — कोणी तोंडावर विचारलं, वहिनी खूण पाहिलीत का, तर खरं सांगेन. आपण होऊन नाही सांगणार. देवाला हे पटलं की नाही कळायला मार्ग नाही, पण त्यानंतर जप नीट झाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवलच! सकाळी पेटीतून चाकू काढला. पातं जसं काल ठेवलं तसंच, पण मुळाशी, नेमकं खुणेवर, चांगलं काळं चढलंय. तिथे तर माझा कांदाही नीट पोचत नव्हता. बेडकाचे पाय दिसेनासे झालेत, फक्त पाठीचा फुगवटा राहिलाय. पूर्वी दिसायचा तसाच.

हात जोडले. त्याची कृपा.

आणखी एक. फळीवरची व्हिनेगरची बाटली दोन बोटं कमी दिसते. मी तर उघडलीही नाही. बूच सैल असेल, उडालं असेल. पुढल्या वेळी बघून घ्यायला हवी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बटाटे, लिंबू, पुन्हा बाग. चीक.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं. खिडकीशी धरून बघितला, दिव्याखाली बघितला. पूर्वीइतका काळा नाही, पण अंगाचा खरा काळा. पुसला, मिटला, कप्प्यात ठेवला. हे दारात उभे होते. कधीपासून, कळलं नाही.

"झाला?" एवढंच म्हणाले.

झाला म्हटलं. ह्यांनी माझ्या चिकाने काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी चारला आले. चहा झाला. हे पेटी घेऊन आले, चाकू टेबलावर ठेवला. मी भिंतीला टेकून उभी, मनात नाव घेत.

भाऊजींनी नखाने पातं उघडलं, उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "दादा, किल्लीचा दांडा बघ कसा स्पष्ट दिसतो."

"मान आहे ती. चष्मा बदल."

"बगळ्याची मान एवढी जाड? गलगंड झालाय का त्याला?"

आणि सुरू झाले. तासभर! ह्यांनी दोन बगळे काढून दाखवले, भाऊजींनी खिशातली किल्ली काढली, मामंजींच्या काठीपासून चपलांपर्यंत सगळं निघालं. ह्यांचा आवाज गेल्या सहा महिन्यांत एवढा खणखणीत ऐकला नव्हता. मला तर रडूच येत होतं, समाधानाने.

निघताना हे चाकूसाठी पिशवी शोधायला आत गेले. भाऊजी जोडे घालताना खाली वाकून, हळूच म्हणाले:

"घासलात ना, वहिनी? यंत्रावरचा हात आहे माझा, मला कळतं."

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"बेडूक दिसला असेल."

तोंडावर विचारलं होतं. मी हो म्हटलं.

"मी अकरा वर्षांचा होतो. बाबांबरोबर दुकानात मीच गेलो होतो तो घ्यायला." बंद बांधून झाला तरी वर पाहिलं नाही. "दादाला कळू देऊ नका. एकेचाळीस बगळे एका दिवसात उडून जातील."

मग तुम्ही किल्ली किल्ली का करता, मी विचारलं.

"बगळा म्हटलं असतं तर दादा भांडला कोणाशी असता? आणि मी आलो कशाला असतो?"

हे पिशवी घेऊन आले. भाऊजी मोठ्याने म्हणाले, किल्ली ती किल्ली! आणि जिना उतरले.

ह्यांनी खिडकीतून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाले, त्याला काही कळलं नाही ना? मला वाटलं, घासल्याचं विचारतायत. नाही म्हटलं. आज एक खोटं झालं. त्याची क्षमा मागून झोपते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जाड दोरा हवा होता म्हणून ह्यांच्या कामाच्या खोलीतला खण उघडला. मागच्या बाजूला, खळीच्या डबीआड, कापसाचा बोळा. काळा पडलेला. व्हिनेगरचा वास. आणि त्याच्याजवळ पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं काढायचा सगळ्यात बारीक कुंचला — एका बेडकाएवढ्या जागेत फिरेल इतका बारीक.

होतं तसं ठेवलं. दोराही घेतला नाही.

बाजाराच्या यादीत लिहिलं: व्हिनेगर, एक बाटली.