दिमाग म्हणजे नाक

तीर्थरूप धुरपतामावशींस,

तुमच्या वरच्या खोलीत राहिलेल्या बेहरूजचा हैदराबादहून जयभीम आणि सलाम. गुडघा कसा आहे? तुमच्या अश्वजितची मुदखेडला बदली झाली का? आम्ही तिघं तब्येतीनं ठीक आहोत. (बाकीचं पुढे लिहितो.)

परवा आमच्या इराणी वकिलातीतल्या जेवणात एका पाहुण्यानं विचारलं, तुम्ही बंधाऱ्यांचे डॉक्टर, मग परराष्ट्र खात्यात कसे? म्हटलं, नांदेडमुळे. त्यांना वाटलं, नांदेड ही तेहरानमधली एखादी संस्था असावी.

खरं तर अण्णाराव आणि विरूपाक्ष या तुमच्या शेजाऱ्यांमुळे. दोघांच्या घरांमधल्या नालीचं पाणी कुणाच्या दारात साचतं, यावरून त्यांचं बोलणं बंद होतं. मी तेव्हा मातीच्या बंधाऱ्यांवर पीएचडी करत होतो, त्यामुळे गप्प बसवेना. उतार मोजला, नकाशा काढला, दोघांना समजवायला गेलो. दोघं माझ्याशीही बोलेनात. (इंजिनिअर म्हणून माझी पहिली कामगिरी.) मग एकदा गल्लीतच जुंपली. अण्णाराव मूळचे लातूरचे, आवाज मोठा. ओरडले, "विरूपाक्षा, तुझं दिमाग लई खराब झालंय!" आता आमच्या फारसीत दिमाग म्हणजे नाक. मी विरूपाक्षांचं नाक नीट न्याहाळलं आणि मनापासून म्हणालो, "खराब न्हाई हो. जरा लांब हाय, पण चांगलं हाय." आधी तुम्ही हसलात, मग अण्णाराव, आणि शेवटी विरूपाक्षही नाक धरून हसले. तुम्ही चहा टाकलात. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून नाली खणली.

पाणी उतारानं जातं, माणसं जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तेहरानला परतून धरणांच्या कचेरीत लागलो, पण बंधाऱ्यापेक्षा त्याच्या दोन्हीकडची भांडणारी गावंच जास्त दिसायची. परराष्ट्र खात्याची परीक्षा दिली, नापास झालो. पुन्हा दिली, पुन्हा नापास. वडील म्हणाले, "एवढं शिकून आता लोकांना चहा पाजणार?" म्हटलं, "हो." आणि तिसऱ्यांदा बसून पास झालो.

तर आता ठरलंय, रविवारी नांदेडला येणार. मागच्या खेपेला सरकारी गाडीनं आलो, तर हार घालून सभेत बसवलं आणि तुमच्या दारापर्यंत पोचूच दिलं नाही. या वेळी साध्या रेल्वेनं येतोय. कुणीही अडवलं तरी येणार. ज्वारीची भाकरी करून ठेवा.

तुमचा,
बेहरूज

ता. क. परत एकटा जाणार नाही, तुम्हाला हैदराबादला घेऊन जायचंय. आमची महनाज इंजिनिअरिंग नांदेडलाच करीन म्हणते, तिची आई फरीबा म्हणते तेहरानलाच. मी मध्ये पडलो. आता माय-लेकींची गट्टी झाली आहे आणि मला स्वैपाकघरात बंदी. मुलगी तिच्या मनाच्या ठिकाणी शिकेल, हे मी पक्कं ठरवलंय. फक्त हे फरीबाला कुणी सांगायचं, ते ठरत नव्हतं. ते तुम्ही सांगा.

ता. क. २. फरीबाला मराठी येत नाही. दुभाषा मी होईन. ती माझ्याबद्दल जे बोलेल, तेवढं गाळीन.

ता. क. ३. हे सगळं महनाजनं वाचलं. म्हणते, "बाबा गाळतील ते मी सांगीन आजीला." तिला मराठी मीच शिकवली.